अंधारातले शंभर जण

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात हजाराच्या आसपास माणसं बसतात. त्यातल्या एकाला खोकला आला तर आजूबाजूच्या चौघांना कळतं. रंगमंचापर्यंत तो पोहोचतोच असं नाही. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर तोच खोकला नटाच्या वाक्याच्या मधोमध पडतो, आणि वाक्य पुन्हा घ्यायचं की तसंच पुढे जायचं, हे नटाला अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं. छोट्या नाट्यगृहातला प्रेक्षक असा थेट प्रयोगात शिरलेला असतो. त्याचा श्वास, त्याच्या अंगाची ऊब, त्याची पिशवी, मनगटावरचं घड्याळ, सगळ्यासकट. तिकिटावर हे कुठे छापलेलं नसतं, आणि नाटकाच्या परीक्षणांतही प्रेक्षागृहाबद्दल सहसा एक ओळ नसते.

या जागांचा मराठी इतिहास मोठ्या प्रमाणात दुसऱ्याच्या हॉलमध्ये घडला. १९७४ पासून ‘आविष्कार’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेचे प्रयोग दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये होऊ लागले आणि ‘छबिलदास’ हे शाळेपेक्षा नाट्यचळवळीचंच नाव म्हणून महाराष्ट्रभर ओळखलं जाऊ लागलं. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक, आणि खिडकीबाहेर दादर स्टेशनचा गजबजाट. बाहेरच्या कालव्यातून आतलं वाक्य वेगळं काढायचं, ही तिथल्या प्रेक्षकाची रोजची कसरत. १९७८ मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर सुरू झालं, ते मात्र नाटकासाठीच बांधलेलं. सुमारे दोनशे आसनं, तीन बाजूंना प्रेक्षक, मधे खाली रंगमंच, आसनांना क्रमांक नाहीत, आणि प्रयोग सुरू झाला की दार बंद. आज छोट्या नाट्यगृहांत जे शिष्टाचार गृहीत धरले जातात, त्यातले बरेच पृथ्वीच्या दारात पक्के झाले असं म्हणायला हरकत नाही. पुण्यात सुदर्शन आहे, हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह आणि श्रीराम लागू रंग-अवकाश आहे, एरंडवण्यात ‘द बॉक्स’ आहे. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर या सगळ्यांहून मोठं आणि जुनं. त्याच्याकडे पुढे येऊ.

आधी बसायचं कुठे ते बघू. क्रमांक नसलेल्या नाट्यगृहात हा प्रश्न तिसऱ्या घंटेच्या अर्धा तास आधीच सुरू होतो. रांगेत उभं राहायचं, दार उघडलं की चालत (पळत नाही) आत जायचं आणि बसायचं. रुमाल टाकून पाच जागा अडवायची एसटीतली विद्या इथे वापरणारे असतातच. पण शंभर खुर्च्यांत पाच म्हणजे पाच टक्के नाट्यगृह झालं, हे त्यांच्या लक्षात येत नाही. सोबतचे लोक खरोखर वाहन लावायला गेले असतील तर एक-दोन जागा ठीक. पाच नाही.

आता थोडा हिशोब. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण ११५ ते १२० सेंटिमीटरवर असतो आणि डोक्याचा माथा त्याच्याही १०-१२ सेंटिमीटर वर. म्हणजे सपाट जमिनीवर खुर्च्या मांडल्या असतील तर समोरच्याच्या डोक्यावरून जाणारी नजर रंगमंचाकडे न जाता वर दिव्यांकडे जाते. जे दिसतं ते दोन डोक्यांमधल्या फटीतून. प्रायोगिक नाटकात तर नट जमिनीवर बसतात, आडवे होतात, रांगतात. जमिनीवर बसलेल्या नटाचं डोकं ऐंशी-पंचाऐंशी सेंटिमीटरवर. तिसऱ्या रांगेला तो नाहीसाच होतो. खुर्च्यांच्या रांगा लेव्हलवर, म्हणजे पायऱ्यांसारख्या चढत्या चौथऱ्यांवर, चढवलेल्या असतील तर प्रत्येक रांगेचा चढ किती आहे ते पाहावं. सहा इंचांचा चढ असेल तर नजर समोरच्याच्या माथ्याला जेमतेम चाटून जाते. एक फूट असेल तर जमिनीवर बसलेला नट व्यवस्थित दिसतो. सपाट हॉलमध्ये सरळ पहिली किंवा दुसरी रांग धरावी, किंवा रांगेचं टोक, जिथून तिरपं पाहता येतं. चढ चांगला असेल तर तिसरी-चौथी रांग, मध्यापासून दोन-तीन खुर्च्या बाजूला. तालमीत दिग्दर्शक बहुतेकदा मध्यभागीच बसतो, दृश्याची मांडणी त्याच्या डोळ्यांनी झालेली असते. त्यामुळे अगदी कडेला बसणाऱ्याला पाठी जास्त दिसणार, आणि समोरच्या विंगेतून येणारा आडवा प्रकाशझोत डोळ्यांत जाणार, हे धरून चालायचं.

पहिली रांग हा वेगळाच प्रकार. तिथून नट तीन-चार फुटांवर असतो. कपाळावरचा घाम, बोलताना उडणारी थुंकी, अंगरख्याची उसवलेली शिवण सगळं दिसतं. गळ्यातली शीर केव्हा ताणली जाते तेही दिसतं, आणि अभिनयाचा अभ्यास करणाऱ्याला यासारखी जागा नाही. मात्र रंगमंचावर सोडलेल्या प्रकाशातला थोडा तरी प्रकाश पहिल्या रांगेवर सांडतोच. म्हणजे तुम्ही दिसता. पृथ्वीसारख्या तीन बाजूंच्या रचनेत तर समोरच्या बाजूच्या प्रेक्षकालाही दिसता: त्याच्या दृष्टीने नटाच्या मागे जी पार्श्वभूमी आहे ती म्हणजे तुमची जांभई. पहिल्या रांगेत बसायचं तर पाय आत घ्यायचे, पर्स आणि हेल्मेट खुर्चीखाली सरकवायचं, पिशवीचा पट्टा बाहेर लोंबू द्यायचा नाही. याला साधं कारण आहे. अंधार झाल्यावर नट आपल्या जागा जमिनीवर चिकटवलेल्या रेडियमच्या तुकड्यांवरून शोधतात. हे तुकडे बोटाच्या पेराएवढे असतात आणि दिवसाच्या उजेडात ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. त्यातल्या एकावर तुमची पिशवी ठेवली गेली तर पुढचा प्रवेश दोन फूट सरकून सुरू होतो, आणि प्रकाशाच्या वर्तुळात नटाऐवजी त्याचा खांदा येतो.

उष्णतेचं गणित फारसं कुणी मांडत नाही, पण छोट्या जागेत सगळ्यात आधी जाणवते तीच. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. शंभर प्रेक्षक म्हणजे दहा किलोवॉट. वर जुन्या पद्धतीचे हॅलोजनचे हजार वॉटचे दहा-बारा दिवे एकाच वेळी लागले असतील तर तितकीच आणखी भर. एक टनाचं वातानुकूलन यंत्र सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता ओढतं. तेव्हा हे सगळं बाहेर काढायला सहा-साडेसहा टनांची यंत्रणा लागते, आणि भिंती-छतातून शिरणारी एप्रिलची झळ त्यात धरलेली नाही. एलईडी दिवे आल्यापासून दिव्यांची बाजू बरीच हलकी झाली. माणसं मात्र तितकीच तापतात. दुसरी अडचण आवाजाची. भिंतीवरच्या यंत्राच्या घरघरीची पातळी पस्तीस-चाळीस डेसिबलच्या घरात, आणि कुजबूजही साधारण त्याच पट्ट्यात. म्हणून हळू आवाजातल्या प्रवेशाआधी काही मंडळी यंत्र बंद करतात, आणि पाच मिनिटांत प्रेक्षागृहात तिकिटांचे पंखे हलायला लागतात. मुरलेला प्रेक्षक एप्रिल-मे मध्ये सुती कपडे घालून येतो आणि यंत्राच्या थेट झोताखालची खुर्ची टाळतो. तिथे पहिला अर्धा तास थंडी वाजते आणि वाक्यांचे शेवटचे शब्द झोताच्या आवाजात बुडतात.

आणि जांभई. ती दर वेळी नाटकाला येते असं नाही. बारा मीटर लांब, दहा मीटर रुंद, पाच मीटर उंच असा हॉल घेतला तर आत सहाशे घनमीटर हवा मावते. शंभर माणसं तासाभरात जवळजवळ दोन घनमीटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. खिडक्या काळ्या कापडाने बंद, दारं बंद, आणि भिंतीवरचं स्प्लिट यंत्र आतलीच हवा गार करून परत सोडतंय, बाहेरची ताजी हवा घेत नाही; अशा खोलीत तासाभराने या वायूचं प्रमाण बाहेरच्या सुमारे चारशे पीपीएमवरून (हवेच्या दर दहा लाख भागांत चारशे) तीन हजारांच्या पुढे जाऊ शकतं. डोकं जड होतं, लक्ष सुटतं. दीड-पावणेदोन तासांचं नाटक मध्यंतराशिवाय करायचा आग्रह दिग्दर्शकांचा असतो आणि तो कलादृष्ट्या बरोबरही असेल, पण मग बाहेरची हवा आत घेणारा पंखा हवा. ज्या जागेत असा पंखा आहे तिथे शेवटचा अर्धा तास प्रेक्षक जागा असतो. समीक्षकांनी ‘उत्तरार्ध रेंगाळतो’ लिहिण्याआधी एकदा छताकडे बघून घ्यावं.

आवाजाच्या बाबतीत प्रेक्षक म्हणजे चालताबोलता पडदाच. रिकाम्या हॉलमध्ये तालीम करताना टाळी वाजवली की ती घुमते; प्रयोगाला तीच टाळी कोरडी ऐकू येते. एक बसलेला माणूस मधल्या स्वरपट्ट्यात साधारण अर्धा चौरस मीटर इतकं ध्वनिशोषण करतो, म्हणजे तेवढ्या उघड्या खिडकीतून जितका आवाज बाहेर जाईल तितका गिळतो. वरच्याच सहाशे घनमीटरच्या हॉलचं रिकामं शोषण नव्वद चौरस मीटर धरलं तर आवाज विरायला एका सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो; शंभर माणसं येऊन बसली की तो पाऊण सेकंदाच्या खाली येतो. बोलण्यासाठी हे उत्तम. मात्र तालमीत घुमणाऱ्या हॉलला सरावलेल्या नटाला प्रयोगात आपला आवाज अचानक लहान झाल्यासारखा वाटतो आणि तो पहिली दहा मिनिटं उगाच जोर लावतो. तीस माणसं आलेल्या प्रयोगात हेच उलटं होतं. म्हणून एकाच नाटकाचा भरलेला आणि अर्धा रिकामा प्रयोग कानालाही वेगळा लागतो.

मोठ्या नाट्यगृहात आवाज माइकवरून स्पीकरमध्ये जातो: नट डावीकडे उभा, आवाज वरच्या खोक्यातून. डोळे आणि कान यांची सांगड मेंदू घालतो, पण त्याला तेवढं काम पडतं. छोट्या जागेत माइक नसतो. नटाने पाठ फिरवली की आवाज फिरतो, तो खाली वाकला की आवाज जमिनीवर आपटून येतो. उघड्या कानाने ऐकणाऱ्याला वाक्य कुणाला उद्देशून आहे हे न बघताही कळतं. आणि ज्यांच्या कानाला वरचे स्वर कमी झालेत, त्यांनी नटाचं तोंड दिसेल अशीच जागा धरावी. ओठांची हालचाल दिसली की बरीचशी व्यंजनं भरून निघतात.

व्यंजनांवरून प्लॅस्टिकच्या पिशवीकडे यायलाच हवं. स, श, च, त ही व्यंजनं ओळखायला लागणारी ध्वनिऊर्जा मुख्यतः दोन ते आठ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि वेफरच्या पाकिटाचा, खोकल्याच्या गोळीच्या वेष्टनाचा चुरचुराट नेमका त्याच पट्ट्यात बसतो. त्यामुळे तो लहान असूनही शब्द खातो. गोळी हळूहळू सोलल्याने आवाज कमी होतो ही समजूत चुकीची आहे. तो फक्त लांबतो. घसा दुखत असेल तर गोळ्या घरीच सोलून कापडाच्या रुमालात आणाव्यात. खोकला आलाच तर कोपराच्या आत, कापडावर. दाबून धरलेला खोकला पुढे तिप्पट होऊन येतो, म्हणून पहिल्यांदा येईल तेव्हाच, संगीत किंवा हशा सुरू असताना, तो मोकळा करून टाकणं शहाणपणाचं. स्टीलच्या पाण्याच्या बाटलीबद्दल वेगळं सांगायला नको. पायऱ्यांच्या आसनव्यवस्थेत ती पाचव्या रांगेत सुटली की प्रत्येक पायरीवर एक ठोका देत रंगमंचावरच थांबते.

या पायऱ्या, म्हणजे लेव्हल, बहुतेक ठिकाणी लोखंडी किंवा लाकडी सांगाड्यावर प्लाय ठोकून केलेल्या असतात. आतून पोकळ. त्यांच्यावर बूट आपटत गेलं तर ढोलासारखा आवाज होतो. रांगेतल्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या असल्या तर एकाचा हलणारा पाय रांगेतल्या सगळ्यांच्या पाठीला कळतो. फोन व्हायब्रेटवर ठेवून प्लायवर टेकवला तर तो वाजल्यासारखाच. फोन बंद करावा, निदान एअरप्लेन मोडवर टाकावा. जुन्या पद्धतीच्या नेटवर्कवरचे फोन कॉल येण्याआधी ध्वनियंत्रणेच्या तारांत टर्र-टर्र आवाज सोडतात, तो पार्श्वसंगीताच्या स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू येतो आणि ध्वनिसंयोजन करणारा उगाच शिव्या खातो. स्मार्ट घड्याळं ही नवी भर. मनगट वर केलं की उजळणारी तबकडी बंद करायला त्यात थिएटर मोड असतो, तो किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

फोनच्या उजेडाचा त्रास सौजन्याच्या पलीकडचा आहे. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतो. प्रकाशयोजनाकार याच हिशोबाने दहाव्या मिनिटाला जो प्रवेश उजळ ठेवतो तो पन्नासाव्या मिनिटाला एका दिव्यावर आणतो; तोवर प्रेक्षकाला तेवढ्यात सगळं दिसायला लागलेलं असतं. मधेच कुणी निरोप बघितला की त्याचे स्वतःचे डोळे पुन्हा मागे जातात, आणि आसनं चढती असल्याने त्याच्या मांडीवरचा उजेड मागच्या चार रांगांच्या थेट नजरेत येतो. ‘मी खाली धरून बघत होतो’ ही सबब सपाट हॉलमध्ये कदाचित चालेल. चढावर नाही.

काही नाटकांत धुराचं यंत्र असतं. प्रकाशाचे झोत हवेत दिसावेत म्हणून सोडलेला हा धूर बहुधा पाणी आणि ग्लायकॉलचा, मोठ्या नाट्यगृहात वर विरून जाणारा. छोट्या खोलीत तो पाच-पाच मिनिटं छातीच्या उंचीवर तरंगतो. दमा असणाऱ्यांनी दारात विचारून यंत्र कुठल्या विंगेत आहे ते कळून घ्यावं आणि उलट्या बाजूला, दाराजवळ बसावं. आयोजकांना हे विचारलेलं आवडतं; प्रयोगाच्या मध्यात कुणाला धरून बाहेर न्यावं लागण्यापेक्षा केव्हाही बरं. तसंच पायऱ्यांचं. अनेक छोट्या जागा पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर आहेत आणि उद्वाहन असतंच असं नाही. गुडघ्याचा त्रास असेल, चाकाची खुर्ची असेल, तर आदल्या दिवशी फोन करावा. दाराजवळची सपाट जागा राखून ठेवणं मंडळींना सहज जमतं, पण घंटा झाल्यावर नाही.

उशिरा येणाऱ्याला आत का घेत नाहीत, यावर दारात वाद घालणारे पुष्कळ. मोठ्या नाट्यगृहात मागचं दार किलकिलं करून माणूस अंधारात सरकवता येतो. ब्लॅक बॉक्समध्ये, म्हणजे काळ्या भिंतींच्या, दर्शनी पडदा नसलेल्या छोट्या नाट्यगृहात, प्रेक्षकाचं दार कित्येकदा अभिनयाच्या जागेलगतच असतं. आत यायचं म्हणजे नटांच्या मधून चालत जायचं. त्यात दारातून येणारी बाहेरच्या ट्यूबलाइटची पट्टी प्रकाशयोजना मोडते ती वेगळीच. पेठेत यायचं तर पी-वन, पी-टूच्या सम-विषम तारखा (एका दिवशी रस्त्याच्या एका बाजूला वाहन लावायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या) लक्षात ठेवून वाहन लावायला वीस मिनिटं धरावीत, चारचाकी असेल तर अर्धा-पाऊण तास. रिक्षा करणं उत्तम. पावसाळ्यात छत्र्यांसाठी बादली बाहेर ठेवलेली असते, तीत छत्री ठेवावी. आत नेलेल्या छत्रीचं पाणी प्लायवरून पुढच्याच्या पिशवीपर्यंत व्यवस्थित पोहोचतं.

पुण्यात आणखी एक ऋतू आहे: गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने, ढोल-ताशा पथकांच्या सरावाचे. ताशाचा टणत्कार जाड भिंत आणि पडदे बऱ्यापैकी अडवतात. ढोलाचा खालचा घुमार अडत नाही. लांब तरंगलांबीचा आवाज भिंतीला हलवून आत येतो आणि कानाआधी छातीला कळतो. त्या दिवसांत संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत नदीकाठच्या किंवा पेठेतल्या नाट्यगृहात दोन माणसांचं कुजबुजतं नाटक लावणं धाडसाचं. जाणते आयोजक तेव्हा संगीताचा किंवा गर्दीचा प्रयोग लावतात, नाहीतर सकाळी अकराची वेळ धरतात.

त्याच सुमारास भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या फेऱ्या असतात, आणि तिथला प्रेक्षक वर सांगितलेले सगळे नियम खिशात घालून आलेला असतो. १९६३ पासून चाललेली ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा पाहिल्याशिवाय पुणेरी प्रेक्षक पुरता कळत नाही. ‘अरे, आवाज कुणाचा’ या आरोळीला दुसऱ्या टोकाकडून कॉलेजचं नाव परत येतं, पडदा उघडण्याआधी छप्पर उडेल इतका गलका, आणि पडदा सरकला की तीच पोरं पिनड्रॉप. हा बदल दोन-तीन सेकंदांत होतो. कारण सरळ आहे: समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांनी स्वतः कधीतरी विंगेत उभं राहून नेपथ्य उचललेलं असतं, प्रकाशाचा संकेत चुकला तर त्यांना नटाच्या आधी कळतं. चुकलेल्या वाक्याला ही गर्दी हसते, ते थोडं क्रूर असतं. पण एखादा अनोळखी पोरगा साधंच वाक्य नेमक्या जागी थांबून बोलला की विरोधी कॉलेजच्या रांगांतून दाद येते. इतका जाणकार आणि इतका उद्धट प्रेक्षक एकत्र सहसा सापडत नाही. परीक्षकही काही मऊ नसतात; २०२२ मध्ये त्या तोडीची एकांकिकाच नाही म्हणून करंडक कुणालाच दिला गेला नाही, आणि त्यावर शहरात नाटकापेक्षा मोठा वाद रंगला.

हशाचं शास्त्र मात्र सगळीकडे सारखं. हसू एकट्याने फुटत नाही, ते शेजाऱ्याकडून उचललं जातं. सव्वाशे खुर्च्यांत तीस माणसं विखरून बसली तर प्रत्येकाच्या दोन्ही बाजू रिकाम्या, आणि जो विनोद कालच्या भरल्या प्रयोगात कडाडला तो आज घशात विरतो. नटाने हशासाठी सोडलेली जागा रिकामी पडते आणि ती भरायला तो पुढचं वाक्य घाईने घेतो. मग लय जाते. त्यामुळे व्यवस्थापक जेव्हा ‘मधे या, मधे या’ म्हणतो तेव्हा कोपऱ्यातली आवडती खुर्ची सोडून मधे यावं. दारावरच तीस लोकांना एकगठ्ठा बसवणारा व्यवस्थापक त्या संध्याकाळी नटाइतकंच काम करून जातो.

थोडं पैशाचंही. अडीचशे रुपयांची शंभर तिकिटं सगळी गेली तर पंचवीस हजार येतात. त्यातून जागेचं भाडं, भाड्याने आणलेले दिवे, नेपथ्याचा टेम्पो, तालमीचा चहा, आणि उरलंच तर नटांचं मानधन. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा. अशा हिशोबात वीस जणांनी ओळखीने पास मागितले तर पाच हजार गेले, म्हणजे बहुधा नटांचंच मानधन. पासवर आलेला प्रेक्षक, का कोण जाणे, उशिरा येतो आणि आधी उठतो. ज्यांच्याशी ओळख आहे त्यांच्या नाटकाचं तिकीट तर आधी काढावं, तेही दोन-तीन दिवस अगोदर. किती लोक येणार हे शुक्रवारी कळलं तर रविवारी खुर्च्या किती आणि कशा मांडायच्या हे ठरवता येतं.

शेवट कळणं ही छोट्या नाट्यगृहातली खरी परीक्षा. दर्शनी पडदा नसतो, तो पडून नाटक संपल्याची ग्वाही देत नाही. फक्त अंधार होतो. हा शेवटचा अंधार की पुढच्या प्रवेशाआधीचा? प्रकाश चालवणारा माणूस इथे मनात तीन किंवा चार आकडे मोजतो आणि मग नटांवर उजेड आणतो. हे तीन-चार आकडे नाटकाचा भाग असतात. कित्येक दिग्दर्शकांनी त्यावर तालमीत भांडणं केलेली असतात. अंधार पुरा होण्याआधी टाळी वाजवणारा एक उत्साही दर प्रयोगाला असतो, आपल्याला नाटक कळलं हे त्याला सगळ्यांच्या आधी जाहीर करायचं असतं. उजेड परत येऊन नट ओळीत उभे दिसेपर्यंत थांबावं. उभं राहून टाळ्या वाजवण्याची पद्धत हल्ली इतकी सैल झाली आहे की बसून, पण बराच वेळ वाजवलेल्या टाळ्यांचा अर्थ नटाला जास्त नेमका कळतो.

नंतर नट बाहेर चहाच्या टपरीशी भेटतात, छोट्या जागेत ते टळतही नाही. ‘छान झालं’ म्हणून सटकता येतं. पण त्यांना उपयोग होतो तो बारक्या नोंदीचा: मी डाव्या बाजूला चौथ्या रांगेत होतो, पत्राच्या प्रवेशात तुमचा चेहरा दिसला नाही, ‘थांब’ नंतरचा शब्द ऐकू आला नाही. जागा आणि क्षण सांगून केलेली तक्रार पुढच्या प्रयोगात दुरुस्त होते. नाटक आवडलं असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी, दहा-बारा प्रयोग होऊ देऊन, ते पुन्हा पाहावं आणि या वेळी दुसऱ्या बाजूला बसावं. तीन बाजूंच्या रचनेत डावीकडून जो प्रवेश बापाचा वाटला तो उजवीकडून मुलीचा निघतो, कारण पहिल्या खेपेला तिची पाठ होती आणि पाठीला ऐकू येणारं वाक्य ती कशी ऐकते हे तेव्हा दिसलंच नव्हतं.